‘टेस’ करायचं ठरलंय? स्कॅनपासून फॉलोअपपर्यंत, पेशंटच्या नातेवाइकांसाठी

लिव्हरच्या गाठीचं ऑपरेशन आत्ता करता येणार नाही, ‘टेस’ करू, असं डॉक्टरांनी सांगितलं असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. ‘टेस’ (टीएसीई) म्हणजे बारीक नळीतून केमोचं औषध थेट गाठीपर्यंत पोचवणं आणि तिचा रक्तपुरवठा बंद करणं. मी डॉक्टर नाही. माझ्या वडिलांना हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमा, म्हणजे लिव्हरमध्येच सुरू होणारा कॅन्सर झाला आणि सोलापूरहून मुंबईला नेऊन आम्ही हे उपचार केले. पथ्यं, खर्च, औषधं याबद्दल त्या काळात ज्याला त्याला काहीतरी सांगायचं होतं. स्कॅनबद्दल मात्र कुणी शांतपणे बसून सांगितलं नाही. आणि या उपचारात तर जवळजवळ प्रत्येक निर्णय स्कॅन बघूनच होतो: टेस करायचं की नाही, कुठल्या रक्तवाहिनीतून, पुरेसं झालं का, पुन्हा लागेल का. म्हणून इथे सगळा भर स्कॅनवर ठेवला आहे. तुमच्या पेशंटला काय योग्य, हे तुमचे डॉक्टरच ठरवतील.

१. नळीनेच उपचार का, ते आधी समजून घ्या

लिव्हरला दोन वाटांनी रक्त येतं. साधारण ७५ टक्के आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल व्हेनमधून, बाकीचं हेपॅटिक आर्टरीतून, म्हणजे लिव्हरच्या धमनीतून. या कॅन्सरची गाठ मात्र आपलं बहुतेक रक्त हेपॅटिक आर्टरीतूनच ओढते. टेस या फरकाचा फायदा घेतं. जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून नळी आत नेतात, तिच्यातून शेवयीएवढी बारीक दुसरी नळी गाठीच्या फांदीपर्यंत पोचवतात, तिथे केमोचं औषध सोडतात आणि मग ती फांदी बंद करतात. गाठीचं रक्त तुटतं. बाकीचं लिव्हर पोर्टल व्हेनच्या रक्तावर टिकून राहतं.

म्हणूनच डॉक्टर स्कॅनमध्ये गाठीइतकंच पोर्टल व्हेनकडे बघतात. रिपोर्टमध्ये ‘पोर्टल व्हेन थ्रॉम्बोसिस’ (त्या शिरेत गुठळी) असे शब्द असतील तर त्याबद्दल पहिल्याच भेटीत विचारा. ती मुख्य वाटच तुंबलेली असेल तर धमनी बंद करणं धोक्याचं ठरू शकतं आणि उपचाराचा बेत बदलू शकतो. टेस हे कामचलाऊ मलमपट्टीसारखं काही नाही. २००२ मध्ये बार्सिलोना आणि हाँगकाँग इथल्या दोन अभ्यासांनी निवडक रुग्णांचं आयुष्य त्याने वाढतं हे दाखवलं. ‘निवडक’ हा शब्द महत्त्वाचा: लिव्हरची ताकद बऱ्यापैकी शिल्लक असलेले रुग्ण. कावीळ, पोटात पाणी, भ्रम होणं असं काही असेल तर डॉक्टर थांबायला सांगतात, आणि ते ऐकायला हवं.

२. निदानाचा स्कॅन ‘ट्रायफेजिक’ आहे ना, बघा

सर्वात जास्त घोळ इथे होतो. सोनोग्राफीत गाठ दिसते, मग जवळच्या सेंटरवर ‘सीटी ॲब्डोमेन विथ कॉन्ट्रास्ट’ होतं, आणि मुंबई-पुण्याचे डॉक्टर म्हणतात, हा चालणार नाही, परत करा.

कारण असं. कॉन्ट्रास्ट, म्हणजे स्कॅनमध्ये रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून द्यायचं औषध, शिरेत सोडल्यावर तो आधी धमन्यांमधून आणि मग पोर्टल व्हेनमधून लिव्हरमध्ये येतो. साधारण ३५ सेकंदांनी काढलेल्या (आर्टेरियल) चित्रात ही गाठ आजूबाजूच्या लिव्हरपेक्षा जास्त उजळते. ७० सेकंदांच्या आसपास (व्हिनस) आणि पुन्हा तीनेक मिनिटांनी (डिलेड) काढलेल्या चित्रात तीच गाठ लिव्हरपेक्षा काळपट पडते. याला ‘वॉशआउट’ म्हणतात. आधी उजळणं आणि नंतर काळवंडणं, ही या कॅन्सरची ओळख. सिरॉसिस किंवा जुना हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णात ही ओळख स्पष्ट पटली तर बऱ्याचदा बायोप्सीचीही गरज पडत नाही. रिपोर्टमध्ये ‘एलआर-५’ लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ रेडिओलॉजिस्टच्या दृष्टीने निदान पक्कं आहे. एकाच वेळेला काढलेल्या स्कॅनमध्ये ही गोष्ट दिसूच शकत नाही. या तिन्ही वेळांना काढलेला स्कॅन म्हणजे ‘ट्रायफेजिक’.

अपॉइंटमेंट घेताना फोनवरच विचारा: ‘लिव्हरचं ट्रायफेजिक आहे ना? आर्टेरियल, व्हिनस आणि डिलेड, तिन्ही काढाल ना?’ चिठ्ठीवर नुसतं ‘सीईसीटी’ (कॉन्ट्रास्ट देऊन सीटी) लिहिलं असेल तर डॉक्टरांकडून ‘ट्रायफेजिक’ लिहून घ्या.

आणखी एक बारीक गोष्ट, पण फार उपयोगाची. आर्टेरियल चित्र नीट यायचं तर कॉन्ट्रास्ट वेगाने जावा लागतो आणि त्यासाठी सलाइनची सुई जाड लागते. हिरव्या किंवा गुलाबी टोकाची सुई, कोपराच्या जवळच्या चांगल्या शिरेत. मनगटावर निळ्या टोकाची बारीक सुई आधीपासून लावलेली असेल तर तिच्यातून हा वेग झेपत नाही. वॉर्डातून स्कॅनला पाठवताना सिस्टरना विचारून घ्या. शिरा सापडत नसलेल्या पेशंटला आदल्या दिवशी भरपूर पाणी द्या, अर्थात पाण्यावर बंधन घातलेलं नसेल तरच.

३. रिपोर्ट पुरेसा नाही, चित्रं ताब्यात घ्या

रिपोर्ट म्हणजे एका डॉक्टरने चित्रं बघून लिहिलेलं मत. टेस करणारे इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट चित्रं स्वतः बघतात: धमनी कुठून फुटते, गाठीकडे किती फांद्या जातात, पित्ताशयाची फांदी किती जवळ आहे. हे रिपोर्टमध्ये नसतं. फिल्मवरही निवडक चित्रंच छापलेली असतात, आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फिल्मच्या फोटोवरून कुणी निर्णय घेत नाही. लागते ती सीडी किंवा पेन ड्राइव्ह, तीही डायकॉम स्वरूपातली, म्हणजे स्कॅनची मूळ चित्रं असलेली.

सीडी हातात मिळाली की काउंटर सोडण्याआधी ती तिथल्याच संगणकावर उघडून दाखवायला सांगा. यादीत वेगवेगळ्या ‘सीरिज’ दिसतात: प्लेन, आर्टेरियल, व्हिनस, डिलेड. तिन्ही वेळांची नावं आणि प्रत्येकासमोर चित्रांचा भरघोस आकडा दिसला की झालं. आम्हाला एका सेंटरने दिलेल्या सीडीवर फक्त व्हिनसची चित्रं होती. आर्टेरियल काढलेली होती, पण कॉपीच झाली नव्हती, आणि हे कळलं मुंबईत, डॉक्टरांच्या टेबलावर. चारशे किलोमीटरवरून ती चित्रं मागवण्यात आठवडा गेला.

हल्ली बरीच सेंटर्स सीडीऐवजी लिंक किंवा क्यूआर कोड देतात. या लिंकची मुदत संपते. आल्या दिवशी चित्रं उतरवून घ्या आणि दोन ठिकाणी ठेवा. प्रत्येक स्कॅनचं वेगळं फोल्डर, नाव तारखेने. पुढे जुन्या-नव्या स्कॅनची तुलना करताना याच फोल्डरांतून डॉक्टरांना हवं ते लगेच निघतं.

४. आयआर ओपीडीची पहिली भेट: काय न्यायचं

ज्या विभागात टेस होतं त्याला इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी म्हणतात, बोलताना ‘आयआर’. पहिल्या भेटीला ही फाइल न्या:

– सगळे स्कॅन पेन ड्राइव्हवर, सोबत त्यांचे रिपोर्ट, जुन्यापासून नव्यापर्यंत लावलेले
– रक्ताचे ताजे रिपोर्ट: बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर, प्लेटलेट, क्रिएटिनिन, एएफपी
– हिपॅटायटिस बी आणि सी यांचे रिपोर्ट
– एंडोस्कोपी झाली असेल तर तिचा रिपोर्ट
– चालू औषधांची यादी. रक्त पातळ करणारी गोळी आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन यांवर खूण करा
– कॉन्ट्रास्टची किंवा कुठल्याही औषधाची ॲलर्जी झाली असेल तर मोठ्या अक्षरात लिहून
– आधार कार्ड, रेशन कार्ड, विम्याचे किंवा आयुष्मानचे कागद

खर्चाचं बोलणं पहिल्याच दिवशी करा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांमधून हा उपचार त्या रुग्णालयात बसतो का, हे तिथला आरोग्यमित्र, म्हणजे रुग्णालयात योजनेचं काम बघणारा माणूस, सांगतो. मंजुरीसाठी स्कॅन आणि रिपोर्ट लागतातच, म्हणून झेरॉक्सचा एक जादा संच ठेवा. रेल्वेची आणि एसटीची कर्करुग्णांसाठी प्रवास सवलत आहे, तिचा फॉर्म रुग्णालयातूनच भरून घ्यावा लागतो. मुंबईत राहायची सोय नसेल तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा बाहेरगावच्या रुग्णांना परिचयाची आहे. जागेची चौकशी निघण्याआधी करा.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून न्या. मला हे तीन सर्वात उपयोगी पडले: गाठीला किती फांद्यांतून रक्त जातंय असं स्कॅनमध्ये वाटतं? एका बैठकीत सगळी गाठ होईल का? तुमच्या कॅथलॅबमध्ये (जिथे ही नळी घालतात त्या खोलीत) कोन-बीम सीटी आहे का? तिसऱ्या प्रश्नाचं महत्त्व पुढे सहाव्या मुद्द्यात येईल.

५. आदला दिवस

किती तास उपाशी राहायचं, कुठल्या गोळ्या बंद, कुठल्या चालू, हे लिहूनच घ्या. तोंडी सूचना घरी येईपर्यंत बदलतात. क्रिएटिनिन जास्त असेल तर कॉन्ट्रास्टमुळे किडनीवर ताण येतो, म्हणून सलाइन आधीपासून लावतात. मेटफॉर्मिनबद्दल स्वतःहून विचारा, कारण ती बंद ठेवायला सांगितली असेल तर परत कधी सुरू करायची हे सांगायचं राहून जातं.

पेशंटकडून श्वास रोखायचा सराव करून घ्या. दहा-दहा सेकंद, आडवं झोपून. ‘साँस रोको’ आणि ‘साँस छोड़ो’ हे शब्द कानावरून जाऊ द्या, कारण मुंबईत टेक्निशियन बहुतेक वेळा हिंदीतच सांगतात. ऐकू कमी येत असेल तर तसं आधी सांगून ठेवा. सूचना काचेपलीकडून स्पीकरवर येतात, माणूस जवळ नसतो.

६. कॅथलॅबमध्ये नेमकं काय बघतात

टेसमध्ये पेशंटला सहसा पूर्ण भूल देत नाहीत. सुईच्या जागेपुरती भूल आणि थोडं गुंगीचं औषध. आत काय होणार हे त्यांना आधी माहीत असेल तर ते न घाबरता साथ देतात.

पहिली चित्रं डीएसएची. आधी कॉन्ट्रास्टशिवाय एक चित्र घेतात, मग नळीतून कॉन्ट्रास्ट सोडून पुढची. संगणक पहिलं चित्र पुढच्या चित्रांतून वजा करतो. बरगड्या, मणके, आतड्यातली हवा नाहीशी होते आणि पडद्यावर फक्त रक्तवाहिन्या उरतात. मध्येच श्वास घेतला तर लिव्हर हलतं, वजाबाकी जुळत नाही आणि चित्रावर डाग उमटतात. मग पुन्हा कॉन्ट्रास्ट, पुन्हा एक्स-रे. सराव करून घ्या म्हटलं ते यासाठी.

डीएसए सपाट असतं. पुढची फांदी कुठली, मागची कुठली, दोन्ही एकमेकांवर पडलेल्या. इथे कोन-बीम सीटी कामाला येतं. टेबलाभोवती इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या आकाराचा जो दांडा असतो, तोच काही सेकंदांत पेशंटभोवती फिरतो आणि त्याच टेबलावर, नळी आत असतानाच, सीटीसारखी त्रिमितीय चित्रं तयार होतात. हात डोक्याच्या वर घ्यावे लागतात आणि तेवढा वेळ श्वास पूर्ण रोखावा लागतो. खांदा आखडलेला असेल तर आधी सांगा, म्हणजे हाताला आधार लावून देतात.

याचा उपयोग काय, हे मी बाबांच्या चित्रांत पाहिलं. प्रोसिजर झाल्यावर डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावून पडदा दाखवला. बाबांची गाठ लिव्हरच्या अगदी वरच्या भागात, श्वासपटलाला लागून होती. डीएसएवर उजवीकडची एक फांदी गाठीत शिरताना दिसत होती आणि गाठीच्या जागी गोल काळसर ठसा. तेवढं बघितलं असतं तर काम झालं असंच कुणालाही वाटलं असतं. कोन-बीमच्या चित्रात मात्र गाठीचा खालचा भाग उजळला होता आणि वरची कड तशीच फिकी. म्हणजे तेवढ्या भागाला रक्त दुसरीकडून येत होतं. डॉक्टरांनी शोध घेतला तेव्हा श्वासपटलाला रक्त देणाऱ्या इन्फिरियर फ्रेनिक आर्टरीची एक फांदी गाठीत उतरलेली सापडली, आणि तिच्यातूनही उपचार झाला. ती सुटली असती तर वरची कड जिवंत राहिली असती.

उलट दिशेनेही हीच काळजी असते. पित्ताशयाला किंवा जठराला जाणारी फांदी जवळपास असेल आणि औषध चुकून तिकडे गेलं तर पित्ताशयाला सूज येते, जठरात जखमा होतात. औषध सोडण्याआधी नळीचं टोक कुठे आहे आणि पुढे काय काय रंगतंय, हे या चित्रांत तपासता येतं. कोन-बीम सीटी सगळीकडे नाही, आणि अनुभवी डॉक्टर डीएसएवरही चांगलं काम करतात. पण दोन रुग्णालयांतून निवडायची सोय असेल आणि गाठ अवघड जागी असेल, तर माझं मत ते असलेल्या ठिकाणाच्या बाजूने आहे.

औषध कशात मिसळलंय, तेही विचारा. नेहमीच्या टेसमध्ये डॉक्सोरुबिसिनसारखं औषध लिपिओडॉलमध्ये घोटतात. लिपिओडॉल म्हणजे खसखशीच्या तेलाला आयोडीन जोडलेलं द्रव्य, १९०१ पासून वैद्यकात असलेलं. आयोडीनमुळे ते एक्स-रेवर स्वतःच दिसतं, त्यामुळे औषध गाठीत कसं भरतंय हे डॉक्टरांना त्याच क्षणी कळतं. दुसऱ्या प्रकारात औषध बारीक मण्यांत भरलेलं असतं. साधे मणी एक्स-रेवर दिसत नाहीत, म्हणून ते कॉन्ट्रास्टमध्ये मिसळून सोडतात. तुमच्या पेशंटला काय दिलं, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. पुढचा स्कॅन सीटी करायचा की एमआरआय, हे बऱ्याच अंशी त्यावरून ठरतं.

शेवटी पुन्हा डीएसए करतात. गाठीचा ठसा गेलेला असतो आणि मोठ्या फांद्या उघड्या. ही आधीची आणि नंतरची चित्रंही सीडीवर मागा. मागितल्याशिवाय ती सहसा मिळत नाहीत, आणि दुसऱ्या वेळच्या टेसला त्यांच्यामुळे नकाशा आयताच हातात असतो.

७. टेसऐवजी ‘टेअर’ सांगितलं असेल तर

टेअरमध्ये केमोऐवजी यट्रियम-९० हे किरणोत्सारी द्रव्य असलेले मणी सोडतात. हे मणी परदेशातून येतात, आणि भाभा अणुसंशोधन केंद्रानेही काचेचे मणी इथे विकसित केले आहेत. इथे अँजिओग्राफी सहसा दोनदा होते. पहिली फक्त चाचणी: टेक्नेशियम लावलेले कण सोडून गॅमा कॅमेऱ्याखाली बघतात की किती कण फुप्फुसाकडे निसटतायत. प्रमाण जास्त असेल तर उपचार रद्द होऊ शकतो. ‘आज उपचार झाला’ असं समजून घरी कळवू नका, उपचार दुसऱ्या वेळी असतो. यट्रियमचं अर्धायुष्य साधारण ६४ तास आहे, म्हणजे तेवढ्या वेळात त्याचा किरणोत्सर्ग निम्मा होतो. गरोदर बाई आणि लहान मुलांपासून किती दिवस अंतर ठेवायचं, ते लेखी घ्या.

८. घरी आल्यावर

जांघेतून केलं असेल तर काही तास पाय सरळ ठेवून पडून राहावं लागतं. पुढचे काही दिवस ताप, उजव्या बरगडीखाली दुखणं, मळमळ, अन्न नकोसं होणं, हे बहुतेकांना होतं. पण थंडी वाजून चढणारा ताप, डोळे पिवळे होणं, पोट फुगणं, काळी शी, बडबडणं किंवा गुंगी, सुईच्या जागी वाढणारी सूज, पाय गार पडणं, यांपैकी काहीही दिसलं तर फॉलोअपच्या तारखेची वाट बघू नका. त्याच रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीचा नंबर डिस्चार्जच्या दिवशीच मोबाइलमध्ये भरून ठेवा.

९. फॉलोअप स्कॅन: सेंटिमीटर बघून घाबरू नका

टेसनंतर पहिला मोठा स्कॅन साधारण ४ ते ६ आठवड्यांनी होतो. रिपोर्ट हातात पडतो आणि घरातले सगळे एकच ओळ शोधतात: गाठ किती सेंटिमीटर? आधी ५.२ होती, आता ५.१. मग रडारड. हे मी ओपीडीच्या बाहेर फार वेळा पाहिलं आहे, आणि प्रत्येक वेळी जीव तुटतो, कारण तो आकडा बऱ्याचदा काहीच सांगत नसतो.

टेसने गाठ आधी मरते, लहान नंतर होते, कधी कधी फारशी होतही नाही. मेलेला भाग तसाच जागेवर असतो. म्हणून २०१० पासून वापरात असलेल्या ‘मॉडिफाइड रेसिस्ट’ पद्धतीत सबंध गाठ मोजत नाहीत, आर्टेरियल चित्रात जो भाग अजून उजळतो तेवढाच मोजतात. ५ सेंटिमीटरची गाठ असेल आणि त्यातलं काहीही उजळत नसेल, तर तो पूर्ण प्रतिसाद. रिपोर्टमध्ये शोधायचे शब्द हे: ‘व्हायेबल’ म्हणजे जिवंत भाग शिल्लक, ‘नॉनव्हायेबल’ म्हणजे जिवंत भाग दिसत नाही, ‘इक्विव्होकल’ म्हणजे नक्की सांगता येत नाही, पुढच्या स्कॅनपर्यंत थांबा. काही रेडिओलॉजिस्ट यांच्या आधी ‘एलआर-टीआर’ लिहितात.

लिपिओडॉल वापरलं असेल तर सीटीमध्ये गाठ पांढरीशुभ्र दिसते, अगदी कॉन्ट्रास्टशिवायच्या चित्रातही. तो पांढरेपणा तेलाचा असतो, आणि त्याच्या आड थोडासा जिवंत भाग लपू शकतो. अशा वेळी एमआरआयने जास्त स्पष्ट कळतं, कारण त्यात ते तेल तसं आड येत नाही. डॉक्टरांना विचारा: ‘लिपिओडॉल आहे, तर सीटी करायचं की एमआरआय?’ एमआरआय ठरला तर पेसमेकर, क्लिप, रॉड, जे काही शरीरात असेल ते सांगा. किडनीचा रिपोर्टही जवळ ठेवा.

टेअरमध्ये प्रतिसाद सावकाश दिसतो. सुरुवातीच्या स्कॅनमध्ये सूज आणि उजळणं असू शकतं, म्हणून डॉक्टर तीनेक महिन्यांपर्यंत थांबून मत देतात.

जमेल तोवर फॉलोअप स्कॅन एकाच ठिकाणी, एकाच प्रकारचे करा. ते शक्य नसेल तर नव्या सेंटरला आधीच्या सगळ्या स्कॅनची चित्रं द्या आणि चिठ्ठीवर टेसची तारीख, वापरलेलं औषध आणि ‘मागील स्कॅनशी तुलना करावी’ हे लिहून घ्या. एवढं केलं नाही तर रेडिओलॉजिस्टला ती पांढरी गाठ पहिल्यांदाच दिसतेय असं होतं, आणि रिपोर्ट अर्धवट येतो.

जिवंत भाग शिल्लक निघाला तर पुन्हा टेस करतात, आणि त्यात खचण्यासारखं काही नाही. मोठी किंवा दोन्ही बाजूंना पसरलेली गाठ टप्प्याटप्प्यानेच करतात. फक्त दुसऱ्या टेसची तारीख लांबची मिळाली तर हाच स्कॅन तेव्हा चालेल का, हे तारीख घेतानाच विचारा. मध्ये बरेच आठवडे गेले तर नवा ट्रायफेजिक सांगतात, आणि तो गावाकडूनच करून नेता आला तर एक मुक्काम वाचतो.